एकोणीसनं उरलेले आठ

मीरासाब मुल्लाणीला आकडा दिसला की तो फोडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मग तो एसटीच्या पाटीवरचा असो, रेशनकार्डावरचा असो, नाहीतर दवाखान्यातल्या टोकनवरचा असो. बाकीची माणसं खिडकीतून ऊस बघतात, ट्रॅक्टर बघतात. हा पुढच्या ट्रकचा नंबर बघून त्याला सातनं भाग जातो का ते बघणार. एकदा सासऱ्याला माती देऊन परत येताना, रिक्षात बसल्या बसल्या हा मोठ्यानं ‘तेरानं जातोय’ म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्या बायकोनं त्याच्या शहाणपणाची आशा सोडली.

आता तो अडुसष्ट वर्षांचा आहे. उंचगावात दोन खोल्यांचं घर आहे, दारात पेरूचं झाड आहे, मुलगी मेहक पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. गुडघे दुखतात, साखर आहे, पण डोकं ठणठणीत. त्याला दुःख एकच आहे आणि ते त्यानं कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला आधी भागाकार यायला हवा, ही मोठी अडचण. पण घाबरायचं कारण नाही, शाळेत शिकलात तेवढा पुरे आहे.

मीरासाबनं उमेदीची सगळी वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत काढली. काम पंचिंगचं. लोखंडाचा रस साच्यात ओतायचा, थंड झाला की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायचं आणि त्याच्या अंगावर नंबर ठोकायचा, तो ठोकणारा हा. डाव्या हातात पोलादी पंच, उजव्या हातात हातोडा, एका आकड्याला एक घाव. उद्या कुठं मुलुखाच्या पलीकडं एखादा पार्ट तडकला तर त्या नंबरावरून कळतं की कुठल्या दिवशीच्या कुठल्या रसातला. म्हणजे नंबर चुकला की सगळंच चुकलं.

आता ह्या धंद्यातली एक गंमत आहे. पंचच्या डब्यात आकडे दहा हवेत, पण पंच असतात नऊच. आकडे इंग्रजी, त्यामुळं सहाचा पंच उलटा धरला की नऊ उठतो, मग वेगळा नऊ कशाला करायचा? पण मग कास्टिंग गोल असलं, कसंही फिरलं, तर सहा कुठला आणि नऊ कुठला? त्यासाठी फौंड्रीत एक रीत होती. सहा किंवा नऊ ठोकला की त्याच्या पायाशी एक टिंब मारायचं. ‘जिकडं टिंब तिकडं पाय’, एवढं नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. मीरासाब तर त्याच्याही पुढचा. त्यानं आपल्या सहाच्या पंचला अंगावर कानसीनं एक खाच पाडली होती. खाच अंगठ्याखाली आली की सहा, पलीकडं गेली की नऊ. बघायचंसुद्धा काम नाही. तीस वर्षांत माझा आकडा कधी उलटा पडला नाही, हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगायचा. खरंही होतं ते. तेवढीच त्याची मिळकत, असंही म्हणायला हरकत नाही.

त्याच फौंड्रीत मुरगूडचा कृष्णात मोल्डर होता, म्हणजे वाळूचे साचे भरणारा. मीरासाबपेक्षा चार वर्षांनी मोठा, शिक्षण आठवी, बोलणं मोजकं. त्याचे अंगठे बघण्यासारखे होते. साच्याच्या पोटात अंगठा फिरवून तो सांगायचा, इथं कण निघालाय, इथं दाब कमी पडलाय. बाकीच्यांना बॅटरी लावूनही दिसायचं नाही. ह्या दोघांची गाठ आकड्यांवरून पडली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मीरासाब कास्टिंगवरच्या नंबराला भाग घालत तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, तर भाकरी मोडता मोडता कृष्णात म्हणाला, “तेवीसनं बघ की.” आणि गेला तेवीसनं. झालं. त्या दिवसापासून दोघं एका डब्यात जेवायला लागले.

त्यांचा रोजचा खेळ ठरलेला होता. दिवसाच्या पहिल्या कास्टिंगचा नंबर घ्यायचा आणि तो फुटतो का बघायचं. एकनं आणि स्वतःनं सोडून ज्या संख्येला कशानंच भाग जात नाही, तिला शाळेच्या पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. हे दोघं म्हणायचे, न फुटणारी. कधी मीरासाब आधी फोडायचा, कधी कृष्णात. हरलेल्यानं चहा आणायचा. ईदला कृष्णात उंचगावात शिरखुर्मा खायला यायचा, बेंदराला मीरासाब मुरगूडला पुरणपोळी खायला जायचा, आणि दोन्ही घरच्या बायका म्हणायच्या, आली येडी.

कृष्णातच्या निवृत्तीच्या वर्षी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन घरी बसल्यावर करू म्हणून त्यानं ढकललं होतं. त्याच दिवसांत एका दुपारी त्यानं मीरासाबच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर आठ आकडी संख्या होती.

“आमच्या घरावरच्या लाईटच्या मीटरचा नंबर हाय ह्यो,” कृष्णात म्हणाला. “फुटत न्हाय.”

“आठ आकडी? कशावरनं?”

“भागलोय की. चार म्हैनं.”

चार महिने कसे, तेही सांगायला हवं. संख्या फुटणार असेल तर तिच्या दोन तुकड्यांतला एक तरी लहान असणारच. त्यामुळं एका हद्दीपर्यंत भागून बघितलं की पुढं धावायला नको. ह्या संख्येची हद्द, म्हणजे तिचं वर्गमूळ, तीन हजार नऊशे पस्तीस. तिच्या आत न फुटणाऱ्या संख्या निघतात पाचशे सेहेचाळीस. तेवढ्यांनी भागायचं आणि प्रत्येक वेळी काहीतरी उरलं पाहिजे. पाचशे सेहेचाळीस भागाकार, कागदावर, पेन्सिलीनं, वही डोळ्यांना चिकटवून. कृष्णातनं रोज पाच पाच करत ते संपवले होते. कुणी सांगितलं होतं का? नव्हतं. पण कुणी सांगितलं नसताना माणूस जे करतो तेच त्याचं खरं काम, असं मला तरी वाटतं.

मीरासाबला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्याखाली काहीतरी खुपत राहिलं. चार महिने हा एकटा भागत बसला आणि आपल्याला एक शब्द बोलला नाही? इतकी वर्षं जोडीनं फोडलं सगळं, आणि एवढी मोठी संख्या ह्यानं एकट्यानं खाल्ली? आणि वर आता हा निघून जाणार, मुरगूडात सोप्याला बसणार, आणि आपण इथं कुणाबरोबर डबा खायचा? हे सगळं राग होऊन आत बसलं. माणसावर माया असली की राग असाच वेडावाकडा येतो, आणि मीरासाबला तो ओळखता आला नाही.

तरी त्यानं निरोपाची भेट म्हणून लोखंडाची एक पाटी करायची ठरवली. तळहाताएवढी, घासून आरशासारखी केलेली, तिच्यावर ती संख्या. त्याचे पंच कास्टिंगचे, बोटाएवढाले. पाटीला नाजूक आकडे हवेत म्हणून त्यानं टूलरूममधून बारक्या आकड्यांचा नवा डबा आणला. चिठ्ठी समोर ठेवून आठ घाव घातले. टिंब मारलं नाही. भेटवस्तूवर टिंब कशाला, बरं दिसत नाही, असं त्याला वाटलं. मग चिठ्ठी तेलकट चिंध्यांबरोबर भट्टीकडं गेली आणि पाटी तो घरी घेऊन आला.

घरी पाटी समोर ठेवून त्यानं सहज भागायला घेतलं. सहज म्हणायचं एवढंच. तीननं एक उरला, सातनं तीन, अकरानं पाच, तेरानं सात, सतरानं पंधरा. एकोणीसनं भागलं आणि शून्य आलं. त्यानं परत भागलं. परत शून्य. एकोणीस गुणिले आठ लाख पंधरा हजार सत्तेचाळीस, चोख. म्हणजे चार महिने भागणारा किस्ना पहिल्या आठ पायऱ्यांतच पडला होता! मीरासाब त्या वेळी एकटाच हसला. ते हसू आठवलं की आता त्याला स्वतःची किळस येते.

निरोप समारंभ कँटीनमध्ये होता. शाल झाली, नारळ झाला, कृष्णातच्या डोक्याला फेटा बांधला. मॅनेजरसाहेब बोलले. मग मीरासाब पाटी घेऊन उभा राहिला. चांगलं बोलायचं ठरवून आला होता. पण समोर शंभर माणसं, सगळी हसायला टपलेली.

“तीस वर्सं झाली ठोकतोय,” तो म्हणाला, “एक आकडा माज्या हातनं उलटा पडला न्हाय. आन ह्यो बगा आमचा किस्ना! चार म्हैनं भागत बसला, म्हन्ला आकडा फुटत न्हाय. गडी एकोणीसला घसरला की!”

कँटीन हसलं. कृष्णात खुर्चीतून म्हणाला, “एकोणीसनं आठ उरत्यात, मीरा.”

“आठ? शून्य उरतंय, शून्य!”

आणि मीरासाबनं भिंतीवरच्या फळ्यावरचं ‘आजची भाजी’ पुसलं, पाटीवर बघून संख्या लिहिली आणि सगळ्यांदेखत भागाकार मांडला. खाली मोठं शून्य काढलं आणि त्याला गोल केला. शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, मोल्डर नापास! कृष्णातला एवढ्या लांबून फळ्यावरचं काय दिसणार? त्यानं फेटा मागं सारला आणि हात पुढं केला. मीरासाबनं पाटी त्याच्या हातात दिली. कृष्णातनं आकड्यांवरून अंगठा फिरवला, सावकाश, साच्यात फिरवायचा तसा. एका जागी अंगठा थांबला, मागं आला, परत पुढं गेला. मग त्यानं मीरासाबच्या दिशेनं मान वर केली.

“आसंल,” तो म्हणाला. “माजंच कुटंतरी चुकलं आसंल.”

आणि थोडं हसला. पाटी शालीत गुंडाळून घेतली आणि मुरगूडच्या गाडीला गेला.

मीरासाबला दोन दिवस मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर समोर कुणी नव्हतं. जायला पाहिजे, सुट्टीला मुरगूडला जाऊन यायला पाहिजे, असं त्यानं ठरवलं. पण जाऊन काय बोलायचं? आकडा तर फुटलाच होता, त्याबद्दल माफी कशी मागणार? आणि शिट्ट्यांबद्दल माफी मागायची तर ती कुठल्या तोंडानं? ह्या सुट्टीला नको, पुढच्या सुट्टीला, असं करत दिवस गेले. त्या महिन्यात कृष्णातचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मीरासाबनं नाव बघितलं आणि फोन वाजू दिला. शिव्या घालणार, असं त्याला वाटलं. नंतर फोन यायचा थांबला. ईदला शिरखुर्म्याची एक वाटी जास्तीची राहायला लागली. तीन-चार वर्षांनी मीरासाबही निवृत्त झाला. अशी एकूण अकरा वर्षं गेली. पन्नास किलोमीटर काही लांब नाही. जायचं नसलं की उंबराही लांब पडतो.

गेल्या दिवाळीच्या आधी, जुन्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कृष्णातचा फोटो आला. फोटोला हार होता.

रक्षाविसर्जनाला मीरासाब मुरगूडला गेला. सोप्यात जाजम अंथरलं होतं, गावातली माणसं पाय दुमडून गप्प बसली होती. चिमणाबाई, कृष्णातची बायको, आत बायकांत होती. मीरासाब भिंतीला टेकून बसला. रडू येत नव्हतं आणि बघायला कुठं जागा नव्हती, म्हणून त्यानं वर बघितलं. दाराच्या वर लाईटचा मीटर होता. जुनाट, काळा, धूळ बसलेला. त्याच्या पाटीवर नंबर होता: 15485863.

नजर नुसती गेली आणि पुढं सरकली. मग परत आली. ही संख्या त्याला पाठ होती, अकरा वर्षं स्वप्नातसुद्धा पाठ होती, पण ती शेवटी त्र्याण्णववर संपायची. 15485893. आणि ही त्रेसष्टवर संपत होती. मीटर बदलला असेल, असं त्यानं आधी स्वतःला सांगितलं. पण सवयीचं डोकं थांबलं नाही. त्र्याण्णव आणि त्रेसष्ट, तीसचा फरक. माझं एकोणीसनं शून्य आलं होतं. किस्ना म्हणाला होता, आठ उरतात. आठात तीस मिळवले की अडतीस. अडतीस म्हणजे एकोणीस दुणे. म्हणजे किस्नाचे आठ बरोबर होते, माझं शून्यही बरोबर होतं, फक्त दोघांचे आकडे वेगळे होते. किस्नानं मीटरचा आकडा भागला होता. मी पाटीचा भागला होता. आणि पाटीवरचा सहा उलटा पडला होता.

तो नवा डबा त्याच्या डोळ्यांपुढं आला. टूलरूमचा. त्या पंचला खाच कुठली असायला? अंगठा सवयीनं बसला, घाव पडला आणि टिंब मारायला ह्याला लाज वाटली. इतक्या वर्षांत एकच आकडा उलटा पडला होता, तो एकाच माणसाच्या पाटीवर, आणि त्याच माणसाला त्यानं शंभर जणांत नापास केलं होतं.

“चहा घ्या, पावणं,” कुणीतरी म्हणालं. चिमणाबाईला न भेटताच तो उठला आणि स्टँडवर येऊन बसला.

त्या आठवड्यात त्यानं दोनशे पानी दोन वह्या आणल्या. एकोणीसचं कळलं, पण बाकीच्यांचं काय? किस्ना म्हणाला होता फुटत नाही, तर आता ते आपल्या हातानं बघायचं. मेहक फोनवर म्हणाली, “अब्बा, मैं एक सेकंद में बताती.” त्यानं तिला गप्प बसवलं. एका सेकंदात कळून त्याला काय करायचं होतं? सकाळचा चहा झाला की पेरूखाली खुर्ची टाकून तो पाच भागाकार करायचा, कधी सहा. एकेका भागाकाराला त्याला कळत होतं की इथं किस्ना असा बसला असेल, इथं त्याची पेन्सिल बोथटली असेल, इथं डोळ्यांतून पाणी आलं असेल. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. कशानंच शून्य येईना. रमजान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शेवटचा भागाकार झाला, तीन हजार नऊशे एकतीसनं. सोळाशे चोपन्न उरले. पाचशे सेहेचाळीस वेळा काहीतरी उरलं होतं. संख्या फुटत नव्हती.

मग त्यानं मेहकला फोन केला आणि म्हणाला, आता सांग. ती सांगू लागली आणि मध्येच थांबली. मग तिनं जे सांगितलं ते असं: न फुटणाऱ्या संख्या पहिल्यापासून मोजत निघालं, दोन पहिली, तीन दुसरी, पाच तिसरी, सात चौथी, तर बरोबर दहा लाखावी येते ती हीच. एक इकडं नाही, एक तिकडं नाही. 15485863.

मुरगूडात एका मोल्डरच्या दारावर, धुळीत, दहा लाखावी संख्या टांगलेली होती आणि त्या माणसानं ती अंगठ्यानं चाचपावी तशी शोधून काढली होती. हे ऐकून उडी मारावी असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता. त्याला सांगायला अकरा वर्षं होती आणि हा फोन वाजू देत बसला.

ईद झाल्यावर शिरखुर्म्याचा डबा आणि एक कापडी पिशवी घेऊन तो परत मुरगूडला गेला. पिशवीत त्याचे स्वतःचे पंच होते, खाचवाल्या सहासकट, टिंबाचा पंच होता आणि हातोडा होता. दारात आल्यावर त्यानं वर बघितलं. जुना मीटर नव्हता. त्या जागी नवा पांढरा, दिवे लुकलुकणारा. त्याच्यावरचा नंबर दोननंच फुटत होता.

चिमणाबाईनं त्याला सोप्यात बसवलं, पाणी दिलं. डबा बघून म्हणाली, “ईदचं व्हय? लई आवडायचं त्येस्नी.”

“वैनी,” मीरासाब म्हणाला, “ती पाटी हाय का घरात? निरोपाची?”

“हाय की. ट्रंकंत हाय.”

“तिच्यावरचा आकडा चुकलाय. माजा हात चुकलाय. दुरुस्त करायला आलोय.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली.

मीरासाबला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “काय ठावं हाय?”

“सहा उलटा पडलाय त्ये. घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं त्येनी, फेटा पन सोडला न्हवता. मी म्हटलं, मग तितंच का न्हाय सांगितलं तोंडावर? लोकं एवढी हसली तर! तर म्हनालं, कसं सांगू? तो सगळ्यास्नी सांगतोय की तीस वर्सांत माजा आकडा उलटा पडला न्हाय, आन हिकडं माज्या अंगठ्याला नऊ लागतोय. एवढ्या लोकांत त्येचं नाक कापू व्हय? यील की सुट्टीला. तवा सांगतो घरात बसून. हसू दोगं.”

मीरासाबला कँटीनमधला तो अंगठा दिसला. एका जागी थांबलेला, मागं आलेला, परत पुढं गेलेला. हे त्यानं तेव्हा डोळ्यांनी बघितलं होतं. मोल्डरचा अंगठा थांबतो तेव्हा काय असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“मग?” त्यानं कसंबसं विचारलं.

“मग काय. सा सुट्ट्या हितं खुर्ची मांडून बसलं. तीनदा फोन लावला. मग म्हनालं, कामात आसंल, आपन हून फोन करून काय सांगायचं, त्येला वाटंल हिशेब चुकता कराय लागलाय. त्याला कळंल कवातरी, गडी भागल्याबिगर ऱ्हात न्हाय.”

ती उठली, आत गेली आणि पाटी घेऊन आली. शालीच्या तुकड्यात गुंडाळलेली, तेलाचा हात फिरवलेली, कुठं गंजाचा ठिपका नाही. मीरासाबनं ती मांडीवर घेतली. 15485893. सगळे आकडे तसेच होते, त्याच्याच हातचे, नाजूक, एका ओळीत. फक्त त्या नऊच्या डोक्यावर एक बारीक टिंब होतं. खिळ्यानं ठोकलेलं, जरा वाकडं.

जिकडं टिंब तिकडं पाय. टिंब वर, म्हणजे पाय वर. तो नऊ नव्हताच, डोक्यावर उभा राहिलेला सहा होता. फौंड्रीच्या रीतीनं वाचलं तर पाटीवर बरोबर संख्या होती.

“डोळ्याचं आपरेशन झाल्यावर मारलं त्येनी ते,” चिमणाबाई म्हणाली. “म्हनालं, झालं आता बरोबर. मीराला परत ठोकाय लागाय नको.”

पिशवी मीरासाबच्या गुडघ्याशी पडून होती. तिच्यातलं काही बाहेर काढायची गरजच उरली नव्हती. जे काम त्याचं होतं, जे एक टिंब त्यानं मारायचं होतं, ते अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्यानं करून ठेवलं होतं. चिमणाबाई वाट्या आणायला आत गेली. तिनं दोनच्या ऐवजी सवयीनं तीन वाट्या आणल्या आणि तिसरी हातातच धरून उभी राहिली.

मीरासाबनं पाटीवरून अंगठा फिरवला. टिंबापाशी तो थांबला.

“एकोणीसनं आठ उरत्यात, किस्ना,” तो म्हणाला. “व्हय रं. आठच उरत्यात.”